बोंडूपासून पेल्यापर्यंत : काजूच्या फेणीची ओळख

फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत कोकणातील किंवा गोमंतकातील काजूच्या बागेत शिरले असता बागेची ओळख प्रथम डोळ्यांस न होता नाकास होते. पिकून गळालेल्या बोंडांचा गोड, किंचित आंबूस आणि उग्र असा वास भर दुपारच्या उन्हात सर्वत्र दरवळत असतो. हा वास आला की सिंधुदुर्गातील पुष्कळसा बागाईतदार मनात बीचा हिशेब करू लागतो, आणि सीमेपलीकडील गोमंतकातील भट्टीवाला रसाचा. झाड तेच, जमीन तीच, पाऊसही तोच. परंतु एका बाजूस बोंडू कुजून जातो व दुसऱ्या बाजूस त्याच बोंडूपासून आपल्या देशातील एक अस्सल मद्य तयार होते. या मद्यास फेणी म्हणतात.

शेतीविषयक पत्रिकेत मद्याचा विषय कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्यास उत्तर असे की, द्राक्षाची ब्रँडी, जवाची व्हिस्की, उसाच्या मळीची रम आणि काजूची फेणी ही सर्व प्रथम शेतमालच होत. पेल्यात काय उतरणार याचा बराचसा निर्णय शेतात होऊन गेलेला असतो. हे ज्याच्या शेतात घडते, त्यास त्याची माहिती असू नये, हे काही योग्य नव्हे. मद्य प्यावे की न प्यावे हा प्रश्न वेगळा आहे, व त्याविषयी पुढे दोन शब्द लिहिले आहेत. माल चांगला कसा होतो, चांगला कसा ओळखावा आणि आपल्या बागेतील वाया जाणाऱ्या फळाचा त्याच्याशी काय संबंध आहे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

फळ कोणते आणि बी कोणती

काजूचे झाड आपल्याकडचे नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते ब्राझीलमधून आणले. ‘काजू’ हे नावही तिकडच्या तुपी भाषेतील ‘अकाजू’ या शब्दावरून पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आले आहे. ब्राझीलमधील मूळ रहिवासी बोंडाचा रस आंबवून पीतच असत. मात्र त्या रसाचे दोनदा ऊर्ध्वपातन करून फेणी काढणे, ही गोमंतकातील कारागिरांची कमाई आहे. गोमंतकात माडाच्या सुरेपासून मद्य गाळण्याची विद्या रेंदेरांकडे होतीच. तीच काजूच्या कामी आली, असे मानण्यास जागा आहे. माडाची फेणी दक्षिण गोव्यात आजही होते व तिची चव काजूच्या फेणीहून पुष्कळच सौम्य असते. परंतु तो स्वतंत्र लेखाचा विषय होय.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहता खरे फळ म्हणजे खाली लोंबणारी बी; आणि ज्यास आपण बोंडू म्हणतो तो केवळ फुगलेला देठ आहे. परंतु हा देठ वजनाने बीच्या सहा ते दहा पट भरतो. त्यात साखरेचे प्रमाण सरासरीने शेकडा दहाच्या आसपास असते, आणि ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याच्या चार-पाच पट. तोंडास मिठी बसविणारा जो तुरटपणा बोंडूत असतो तो टॅनिन या द्रव्यामुळे येतो. याच तुरटपणामुळे बाजारात आंब्या-केळ्यांप्रमाणे बोंडूची विक्री होत नाही. शिवाय झाडावरून गळालेला बोंडू दुसऱ्या दिवशीच सडू लागतो. विपुलता, अल्पायुष्य आणि तुरटपणा या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे शेतकरी तो माल टाकून देतो. आम्ही महाविद्यालयात असताना आमच्या वहीत बोंडूची नोंद ‘दुय्यम उत्पादन’ अशी एका ओळीत होती. ती ओळ किती अपुरी आहे, हे बागेत काम करू लागल्यावर कळले.

आता थोडा हिशेब करून पाहू. ज्या बागेत एक क्विंटल बी निघते, तेथे बीच्या आठपट धरल्यास आठ क्विंटल बोंडू निघाला. त्याचा रस सुमारे पाचशे लिटर. त्यात साखर पन्नास किलो. साखर आंबली असता तिच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा मद्यार्क होतो, म्हणजे पंचवीस किलो, अर्थात सुमारे बत्तीस लिटर शुद्ध मद्यार्क. बाटलीवर ज्या तीव्रतेची फेणी साधारणपणे विकली जाते, ती शेकडा ४२.८ धरली, तर ही सुमारे पंच्याहत्तर लिटर फेणी झाली. हा आकडा कागदावरचा आहे. सर्व साखर कधीच आंबत नाही, भट्टीतही काही मद्यार्क उडून जातो, आणि काही रस मुळात हाती लागत नाही. म्हणून प्रत्यक्ष उतारा याहून कमीच येतो. तरीही एक क्विंटल बीच्या मागे आपण काय टाकून देतो, याची कल्पना येण्यास हा हिशेब पुरेसा आहे.

कोळंबी, कोडें आणि लावणी

सत्तरी तालुक्यातील एका जुन्या भट्टीवर मी एकदा संध्याकाळी जाऊन बसलो होतो. भट्टीचे मालक सत्तरीच्या घरात होते, आणि माझ्या वहीकडे पाहून त्यांना थोडे हसू येत असावे. प्रथमच मी त्यांना विचारले की, झाडावर इतका पिवळाधमक बोंडू दिसत असता माणसे केवळ खालचाच का वेचीत आहेत? त्यांनी उत्तर दिले, “साहेब, जां खाली पडला तां आमचा, झाडार असा तां झाडाचा.” फेणीची निम्मी विद्या या एका वाक्यात आहे. बोंडू पूर्ण पिकल्याखेरीज आपोआप गळत नाही. तोडलेल्या बोंडूत साखर कमी व तुरटपणा अधिक असतो, आणि फेणीस जो वास हवा तो शेवटच्या दोन दिवसांतच भरतो. म्हणून गळालेला बोंडूच घ्यावयाचा, आणि तोही त्याच दिवशीचा.

वेचून आणलेल्या बोंडूची बी पिळून वेगळी करतात. हे काम बहुधा स्त्रियांकडे असते व ते दिसते तितके सोपे नाही. बीच्या टरफलात दाहक तेल असते. बी चिरडून हे तेल रसात उतरले तर रस कडू होतो व हातापायांस फोड येतात. बी काढलेले बोंडू नंतर ‘कोळंबी’त टाकतात. कोळंबी म्हणजे जांभ्या दगडात कोरलेला उतरता हौद. येथे वाचकांनी गोंधळून जाऊ नये. भट्टीवरील कोळंबी, कोडें आणि लावणी या तिन्ही शब्दांचे अर्थ आपल्या मराठीतील कोळंबी, कोडे आणि लावणी यांच्याहून अगदी निराळे आहेत. कोळंबीत उभे राहून पायांनी बोंडू तुडवितात. हल्ली पुष्कळ ठिकाणी यंत्राचा चरक आला आहे. चरकाने रस अधिक निघतो हे खरे. परंतु चोथा फार दाबला गेल्यास सालीतील तुरटपणाही त्यासोबत उतरतो, अशी जुन्या कारागिरांची तक्रार आहे, आणि ती मला निराधार वाटत नाही.

तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग करून त्यास वेलाने घट्ट गुंडाळतात व वर जड दगड ठेवतात. त्यातून रात्रभर थेंबथेंब गळणारा स्वच्छ रस म्हणजे ‘नीरो’. नीरो ताजाच पितात. त्यात मद्यार्क नसतो, व उन्हातून आलेल्या माणसास त्याने फार बरे वाटते. ज्यांना मद्य वर्ज्य आहे त्यांनीही भट्टीवर जाऊन नीरो अवश्य पिऊन पाहावा. मात्र तो सकाळीच प्यावा. दुपारपर्यंत तो आंबू लागतो व त्याचे स्वरूप पालटते.

तुडवून काढलेला रस ‘कोडें’ नावाच्या मोठ्या मातीच्या मडक्यात भरून ठेवतात. त्यात बाहेरचे यीस्ट किंवा साखर घालीत नाहीत. बोंडूच्या सालीवर व हवेत जे किण्व असतात तेच काम करतात. दोन-तीन दिवस मडक्यात खदखद चालू असते, वर फेस येतो, आणि तो ओसरला म्हणजे रस भट्टीसाठी तयार झाला असे समजतात. या वेळी रसात मद्यार्काचे प्रमाण शेकडा सहाच्या आत-बाहेर असते. आंबलेला रस अधिक दिवस पडून राहिला तर त्याची शिर्का बनते, आणि मग तो भट्टीवर चढविण्यात अर्थ नसतो. मडके अस्वच्छ असेल तर हे फार लवकर घडते.

ऊर्ध्वपातनाचे तत्त्व साधे आहे. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, आणि मद्यार्क सुमारे ७८ अंशांना. आंबलेला रस तापविला असता मद्यार्काची वाफ अगोदर व अधिक प्रमाणात निघते. ती थंड करून धरली म्हणजे अधिक तीव्र द्रव मिळतो. रस ज्यात उकळतात ते तांब्याचे भांडे म्हणजे ‘भाण’, आणि वाफ ज्यात थंड होऊन जमते ते भांडे म्हणजे ‘लावणी’. जुन्या पद्धतीत लावणीवर सतत गार पाणी ओतीत बसावे लागे. आता बहुतेक ठिकाणी पाण्याच्या टाकीत बुडविलेली तांब्याची वेटोळी नळी वापरतात. तांबे हे केवळ परंपरेने आलेले नाही. आंबलेल्या रसातील गंधकयुक्त, दुर्गंधी द्रव्ये तांब्याशी संयोग पावून मागे राहतात. स्कॉटलंडमधील व्हिस्कीचे व फ्रान्समधील कोन्याकचे कारागीरही याच कारणाने तांब्याची भांडी वापरतात. मात्र भाण दरवेळी घासून लख्ख केले पाहिजे. हिरवा कळंक चढलेले भाण विषारी ठरते.

पहिल्या ऊर्ध्वपातनातून जे निघते ते ‘उर्राक’. त्याची तीव्रता शेकडा पंधराच्या आसपास असते. उर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा गाळले म्हणजे फेणी होते. यातील खरे कसब विस्तवाचे आहे. जाळ मोठा झाला तर रस उसळून नळीत येतो व फेणीस करपट वास लागतो. ज्या भट्टीवर मी बसलो होतो, तेथील म्हाताऱ्या मालकांनी दोन तासांत एकदाही घड्याळ पाहिले नाही; ते नळीतून पडणाऱ्या धारेचा आवाज ऐकत होते. धार जाड झाली की एक लाकूड मागे ओढीत, बारीक झाली की पुढे सारीत. सुरुवातीस येणारी थोडी धार ते वेगळ्या भांड्यात धरीत. तिला नाकात झोंबणारा, रंगाच्या डब्यासारखा वास असतो. तो भाग फेणीत घेऊ नये.

चांगली फेणी कशी ओळखावी

फेणी हे नाव ‘फेन’ म्हणजे फेस या शब्दावरून आले असे म्हणतात, आणि भट्टीवरील पारखही फेसावरूनच सुरू होते. थोडी फेणी बाटलीत घेऊन हलविली असता वर बुडबुड्यांची माळ उठते. तिचा आकार आणि ती किती वेळ टिकते हे पाहून जाणता माणूस तीव्रता सांगतो. त्याच्या जोडीस पाण्यात तरंगणारे मापक असते; त्यावरील अंशास पोर्तुगीज भाषेतील अंशवाचक शब्दावरून ‘ग्राव’ म्हणतात. हा शब्द अद्याप प्रचारात आहे.

दुसरी पारख तळहाताची. दोन थेंब तळहातावर चोळावे व मद्यार्क उडून जाऊ द्यावा. मागे पिकल्या बोंडूचा वास राहिला तर माल बोंडूचा; वास एकाएकी नाहीसा झाला, किंवा गोळीबिस्किटासारखा कृत्रिम गोडसर राहिला, तर शंका घ्यावी. ही कसोटी निर्णायक नव्हे. परंतु बाजारात ऊसमळीच्या साध्या मद्यार्कात सुगंधी अर्क मिसळून फेणी म्हणून विकण्याचे प्रकार होतात, व त्यांतील ढोबळ लबाडी हिने उघडी पडते.

तिसरी पारख जिभेची. ज्यांना व्हिस्की अगर ब्रँडीची सवय आहे त्यांस फेणीचा पहिला घोट बहुधा आवडत नाही. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. व्हिस्की ओकच्या लाकडी पिंपात मुरते. स्कॉच म्हणवून घेण्यास तर ती किमान तीन वर्षे स्कॉटलंडमध्येच मुरली पाहिजे असा कायदा आहे. तिचा रंग आणि पुष्कळसा सुवास लाकडातून येतो. फेणी बहुधा लाकडाशिवाय, काचेच्या मोठ्या बरण्यांत ठेवतात. त्यामुळे तिच्यात फळ व किण्व यांशिवाय दुसरे काही नसते. दोष असेल तर तो झाकला जात नाही, आणि गुण असेल तर तोही उघडा दिसतो. म्हणून फेणी चाखताना ती अरुंद तोंडाच्या लहान पेल्यात थोडीशी घ्यावी, प्रथम तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यावा, मग थोडे पाणी मिसळून पुन्हा घ्यावा. पाण्याने तीव्रता उतरते व आत दडलेला फळाचा वास वर येतो. चांगल्या फेणीत पिकला बोंडू, ओली माती व किंचित मिरमिरीतपणा जाणवतो; घशाखाली गेल्यावर वास रेंगाळतो, पण जळजळ रेंगाळत नाही. करपट वास, शिर्क्याचा आंबटपणा किंवा धातूची चव आली तर दोष अनुक्रमे जाळाचा, मडक्याचा किंवा भाणाचा समजावा. म्हणजे चाखणे हे एक प्रकारे भट्टीची तपासणीच होय.

उर्राकाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो हंगामातच मिळतो, फार टिकत नाही, आणि म्हणूनच मार्च ते मे या महिन्यांत गोमंतकातील लोक त्याची वाट पाहतात. उभी चिरलेली हिरवी मिरची, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ आणि लिंबाचा सोडा घालून तो घेण्याची तेथील रीत आहे. मद्य, आंबट व गोड यांचा हा मेळ जगभर आढळतो. क्युबातील दाइकिरी म्हणजे रम, लिंबू आणि साखर. ब्राझीलमधील काइपिरिन्या म्हणजे उसाच्या रसाचे मद्य, लिंबू आणि साखर. ज्या देशातून काजूचे झाड आले, त्या देशाच्या आवडत्या पेयाची हीच कृती फेणीसही उत्तम लागू पडते, हे लक्षात घेऊन आता गोव्यातील व बाहेरील उपाहारगृहे फेणीची मिश्रपेये करू लागली आहेत. काइपिरिन्यात लिंबू सालीसकट ठेचतात. सालीतील तेलाने फेणीचा उग्रपणा मवाळ होतो. रंगीत सरबते घालून फेणीचा वास मारून टाकण्याची जी रीत काही ठिकाणी दिसते, ती मात्र मला पटत नाही. वास नको असेल तर फेणीच कशाला हवी?

नावाची किंमत

काजूच्या फेणीस २००९ साली भौगोलिक उपदर्शन मिळाले. देशातील मद्यांपैकी हा मान मिळविणारी ती पहिली. त्याचा अर्थ असा की, गोव्याबाहेर केलेल्या मद्यास फेणी हे नाव लावता येत नाही, जसे फ्रान्सच्या ठरावीक प्रदेशाबाहेरील ब्रँडीस कोन्याक म्हणता येत नाही. पुढे २०१६ साली गोवा शासनाने काजूच्या व माडाच्या फेणीस वारसा मद्याचा दर्जा दिला, आणि २०२१ साली फेणीविषयक धोरण जाहीर केले. एके काळी गरिबाची दारू म्हणून नाक मुरडले जाणारे हे मद्य आता देखण्या बाटल्यांतून, चांगल्या किंमतीस विकले जाते.

या वाढत्या किंमतीतील किती वाटा बोंडू वेचणाऱ्याच्या पदरात पडतो, हा प्रश्न मात्र विचारला पाहिजे. बोंडू किंवा रस डब्याच्या मापाने विकला जातो, आणि स्वच्छ, त्याच दिवशीचा, पूर्ण पिकलेला माल आणि चिखलात लडबडलेला कालचा माल यांस पुष्कळदा एकच भाव मिळतो. असे असता शेतकऱ्याने निवड करण्याचे कष्ट का घ्यावेत? द्राक्षाच्या व्यवहारात साखरेचे प्रमाण मोजून भाव ठरविण्याची पद्धत आहे. साखर मोजण्याचे हातातील भिंगयंत्र, ज्यास रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात, ते आता महाग राहिलेले नाही. भट्टीवाल्यांनी व बागाईतदारांनी मिळून रसाचा भाव साखरेवर ठरविला, तर दोघांचाही लाभ होईल असे मला वाटते. आमच्या वरिष्ठांपैकी काहींना हा विचार अव्यवहार्य वाटतो, हेही येथे नमूद करतो.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांसाठी

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्यावाचून मद्य गाळणे हा गुन्हा आहे. गोव्यातही भट्टीस १९६४ च्या अबकारी कायद्याखाली परवाना लागतो. हा लेख वाचून कोणी परसात भाण मांडू नये. यात केवळ कायद्याचा प्रश्न नाही. मिथेनॉल नावाचा विषारी मद्यार्क चवीने किंवा वासाने ओळखता येत नाही. २०१५ साली मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. ज्यांस या व्यवसायात रीतसर उतरावयाचे असेल त्यांनी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे प्रचलित नियमांची चौकशी करावी.

आरोग्याविषयी बोलावयाचे तर, मद्याचे कोणतेही प्रमाण प्रकृतीस पूर्णपणे निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. फेणी औषधी असल्याच्या गोष्टी गावोगाव ऐकू येतात. त्यांवर विश्वास ठेवू नये. बोंडूतील ‘क’ जीवनसत्त्व वाफेबरोबर वर चढत नाही, त्यामुळे फेणीत ते शोधण्यात अर्थ नाही. ज्या घरी मद्याने संसार उद्ध्वस्त झाला आहे, तेथे ग्रामसेवकाने फेणीच्या सुवासाचे वर्णन करू नये, इतके तारतम्य त्याच्या ठायी असेलच.

परंतु मद्य न करताही बोंडूचा उपयोग करता येतो. येथेही वाट ब्राझीलनेच दाखविली आहे. त्या देशाच्या ईशान्येस पियाउई नावाचे कोरडे राज्य आहे. तेथे बोंडूचा रस जिलेटीनने निवळून, गाळून, बाटल्यांत भरतात व बाटल्या पाण्यात उकळतात. उष्णतेने रसातील साखर किंचित करपून रसास मधासारखा सोनेरी रंग येतो. या मद्यार्कविरहित पेयास ‘काजुईना’ म्हणतात, आणि २०१४ साली तेथील सरकारने त्याच्या निर्मितीस सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला आहे. आपल्याकडेही शिजवून पातळ केलेला साबुदाणा रसात मिसळून ठेवला असता टॅनिन त्यास चिकटून तळाशी बसते व वरचा निवळ रस सरबतास योग्य होतो. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्र व दापोलीचे कृषी विद्यापीठ यांच्याकडे काजू प्रक्रियेची माहिती मिळू शकते.

मद्य असो वा सरबत, बागेतील काम सारखेच आहे. झाडाखालची जागा हंगामापूर्वी बेणून स्वच्छ करावी. शक्य तर जाळी अंथरावी. बोंडू सकाळी व सायंकाळी असा दोनदा वेचावा. बुरशी आलेला, किड्यांनी पोखरलेला बोंडू टोपलीत घेऊ नये, कारण एका सडक्या बोंडूचे किण्व सर्व रसात पसरते. ढेकण्या किडीसाठी फळे धरल्यावर फवारणी केली असल्यास औषधाच्या वेष्टनावर दिलेला काळ उलटल्याखेरीज बोंडू रसासाठी वापरू नये. बीची काळजी घेणारे शेतकरी ही गोष्ट विसरतात. टरफलातील गर झाकलेला असतो, बोंडू मात्र उघडाच असतो.

भांड्याविषयी सांगताना माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका बागाईतदारास सरबताचा प्रयोग करून दाखविण्याचा उत्साह मला आला. पुरेशी भांडी नव्हती, म्हणून त्यांच्याकडील स्वच्छ धुतलेल्या लोखंडी पिंपात रस भरून ठेवण्यास मी सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व रस दौतीतील शाईसारखा काळा झालेला होता. टॅनिन व लोह यांचा संयोग होऊन शाई बनते, हे मी पुस्तकात वाचलेले होते. पिंप पाहताना ते आठवले नाही, इतकेच. त्या गृहस्थांचा त्या दिवसाचा सर्व बोंडू वाया गेला. ते मला काही बोलले नाहीत. पण त्यांच्या पत्नीने तो रस माझ्यासमोरच शेणखताच्या खड्ड्यात ओतला. तेव्हापासून रसासाठी पोलाद म्हणजे गंज न चढणारेच, नाहीतर खाद्योपयोगी प्लास्टिक किंवा माती, हे मी प्रत्येक सभेत सांगत असतो. कल्हई उडालेली भांडी व जस्ताचा मुलामा दिलेल्या बादल्याही वापरू नयेत. बोंडूच्या आम्लाने जस्त रसात उतरते.

चोथ्याचाही उपयोग आहे. रस काढून उरलेला चोथा उन्हात वाळवून गुरांच्या खाद्यात थोड्या प्रमाणात मिसळता येतो. ओला चोथा मात्र एकाच वेळी फार घातल्यास जनावरांचे पोट बिघडते. कंपोस्टच्या खड्ड्यात तो शेणाबरोबर थर देऊन घालावा, कारण तो स्वतः फार आंबट असतो.

पहिला वळीव पडला की गोमंतकातील भट्ट्या थांबतात. पावसाने भिजलेल्या बोंडूत साखर पातळ होते व वासही उतरतो, म्हणून ढग दिसू लागताच म्हातारे मालक शेवटचा घाणा चढवितात. मग भाण घासून माळ्यावर जाते, मातीची मडकी धुऊन उपडी घातली जातात, आणि कोळंबीवर माडाच्या झावळ्या टाकल्या जातात. मी गेलो त्या संध्याकाळी हे दिवस अद्याप दूर होते. निघताना त्यांनी मला नीऱ्याची एक बाटली दिली व सायंकाळच्या आत पिऊन टाकण्यास बजावले. रस्त्यात गाडी नादुरुस्त झाल्यामुळे मला ते साधले नाही. रात्री घरी पोचल्यावर बूच उघडले, तेव्हा ते आपोआप उडाले.